भिडेपोटी निवडलेला एजंट

शनिवार उजाडला की नोएलीन प्रॉसरला स्वतःच्याच घरातून बाहेर पडावं लागे. एजंट क्रेग डालिमोर 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवून दारात उभा राही आणि हसून म्हणे, "चला आंटी, घर बघायला लोक यायची वेळ झाली." मग ती मांजराला पेटीत कोंबायची, टेकडी उतरायची आणि बर्नी गावाच्या किनाऱ्यावर गाडी लावून बसायची. समोर बंदर, लाकडाच्या ढलप्यांचे ढिगारे, आणि मागे वर तिच्या स्वयंपाकघरात परकी माणसं कपाटं उघडून बघत असायची.

घर विकायचं तिनंच ठरवलं होतं. कागदाच्या गिरणीतल्या कँटीनमध्ये उभ्याने आयुष्य गेलं, त्यात गुडघेही गेले. रस्त्यापासून दारापर्यंतच्या पायऱ्या आता चढवत नव्हत्या. नवरा लेस जाऊन वर्ष उलटलं होतं. बहीण डल्सी जवळच्याच अल्व्हरस्टन गावात राहायची, तिच्याच गल्लीत एक छोटं बैठं घर विकायला निघालं होतं. त्याचा मालक थांबायला तयार होता, पण फक्त उन्हाळा संपेपर्यंत.

"एजंट नीट पारखून घे," डल्सीने फोनवर बजावलं होतं. "आणि समोरच्याला वाईट वाटेल म्हणून सही करून मोकळी होऊ नकोस. तू ना, दुकानदाराने शिळा पाव दिला तरी त्यालाच थँक्यू म्हणशील."

आधी आली जोन टिपेट. उंच, रापलेली बाई. आल्या आल्या बूट बदलून सरळ खांबांवर उचललेल्या घराखाली वाकून शिरली. कोपरांना माती लावून बाहेर आली.

"मागच्या खोलीखाली ओल आहे," ती म्हणाली. "पन्हळ गळते, पाणी तिथे मुरतंय. आधी ते करून घ्या. आणि मी सांगते तो आकडा तुम्हाला आवडणार नाही, पण या रस्त्यावर याहून जास्त कोणी देत नाही. बरं, विकून जाणार कुठे तुम्ही?"

नोएलीनने उत्तर दिलं, चहाही दिला, पण ओल हा शब्द तिला लागला. ती खोली लेसने स्वतःच्या हाताने बांधली होती.

दुसऱ्या दिवशी क्रेग आला. लेस आणि क्रेगचा बाप एकाच फुटबॉल क्लबात एकत्र वाढलेले. क्रेगची आई ग्लेंडा हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या बोल्स क्लबात नोएलीनच्या शेजारची खुर्ची धरून ठेवायची. आणि लेसच्या शवपेटीला ज्यांनी खांदा दिला, त्यांत क्रेग होता. त्याने घराखाली डोकावलंसुद्धा नाही. मागच्या खोलीत उभा राहून म्हणाला, "अंकलचं काम! अशी मेहनत आज कोण करतं?" आणि जोनपेक्षा बराच मोठा आकडा सांगितला.

नोएलीनने तिथेच सही केली. त्या सहीचा अर्थ असा, की कराराची मुदत संपेपर्यंत घर कोणीही विकलं, अगदी तिनं स्वतः विकलं, तरी दलाली क्रेगचीच.

मग सुरू झालं. लेसची खुर्ची शेडमध्ये गेली, कारण ती 'जुनाट' दिसत होती. भिंतीवरचे फोटो खोक्यात गेले. मासे तळायचे नाहीत, कांदा परतायचा नाही, पलंगावर मांजर बसू द्यायचं नाही. नोएलीन उकडलेली अंडी खायची आणि खाऊन झालं की खिडक्या उघडायची. आपल्याच घरात ती पाहुण्यासारखी पाय आवरून बसू लागली.

आकडा मात्र खाली येत गेला. "मी नाही म्हणत आंटी, बाजार म्हणतोय," क्रेग दर आठवड्याला सांगे. शेवटी तो एक गिऱ्हाईक घेऊन आला. दूरच्या होबार्ट शहरातला कोणी गुंतवणूकदार, घर न बघताच घेणारा. त्याचा आकडा जोनने सांगितलेल्या आकड्याच्याही कितीतरी खाली होता.

"दुसरं कोणीच नाही?" तिनं विचारलं.

"कोणी असतं तर मी लपवलं असतं का? शनिवारचं झालं की संध्याकाळी सही करून टाकू. नाहीतर अल्व्हरस्टनचं घर हातचं जाईल तुमच्या."

त्या शनिवारी ती गुडघ्याच्या गोळ्या घरीच विसरली, म्हणून लवकर परतली. फाटकाशी एक धिप्पाड बाई उभी होती. हॉस्पिटलच्या नर्सचा गणवेश, केसांत फूल, आणि डोळे घरावर लागलेले.

"बघून घ्या ना आत जाऊन," नोएलीन म्हणाली.

"दोनदा बघितलं. आज किंमत सांगायला आले होते," ती बाई म्हणाली. "तर तो साहेब म्हणतो घर गेलं, सही झाली. तुम्ही पण घ्यायला आलाय?"

"मी? हे माझंच घर आहे, बाई. आणि सही कुठे केलीय मी?"

त्या बाईचं नाव सालोते. मूळची टोंगा बेटांची, नवरा बंदरावर कामाला, घरात सासूसकट सगळा गोतावळा. तिने आपला आकडा सांगितला. तो जवळपास जोनचाच आकडा होता.

वर दारात क्रेग कोणाला तरी हसून निरोप देत होता. आता काय करायचं? त्याला सोडावं तर करार सोडत नाही. तक्रार करावी तर ग्लेंडाला तोंड कसं दाखवायचं? गप्प बसावं तर संध्याकाळी सही. तिने गाडीत बसून जोन टिपेटला फोन लावला.

"करार आहे तोवर मला तुमच्या घराला हात लावता येत नाही," जोन म्हणाली. "मला यातून काही मिळणारही नाही. पण प्रत्येक गिऱ्हाइकाची किंमत तुमच्यापर्यंत आणणं त्याला भाग आहे. त्या बाईला लेखी द्यायला सांगा, आणि एक प्रत तुमच्या हातात घ्या. मग अशी किंमत आलीच नाही, असं त्याला म्हणता येणार नाही. असले गुंतवणूकदार एजंटाकडून पुढची घरंही घेतात, म्हणून तो त्याला सांभाळतोय."

संध्याकाळी क्रेग पेन काढून बसला. सालोतेने दुपारी लिहून दिलेला किमतीचा कागद नोएलीनने त्याच्यापुढे ठेवला. त्याचे कान लाल झाले.

"आंटी, या लोकांना कर्ज मिळेल की नाही कोण जाणे. मी तुमच्याच भल्यासाठी..."

"बँकेने त्यांना होकार दिलाय, तिने पत्र दाखवलं मला. तू विचारलंच नाहीस."

"लेस अंकल असते तर माझ्यावर विश्वास ठेवला असता त्यांनी."

तिने कागद आणखी पुढे सरकवला. "ठेवला असता," ती म्हणाली. "म्हणूनच मीही ठेवला. आता तिच्या नावाने कागद तयार कर, क्रेग."

सही करण्याआधी तिने सालोतेला बोलावून मागच्या खोलीत नेलं. क्रेगने डोळ्यांनी खुणावलं, तरी तिने ओलीचं सगळं सांगितलं. सांगताना लेसला उणं बोलल्यासारखं तिला वाटलं.

सालोतेने भिंतीवरून हात फिरवला. "माझा भाऊ नळाचंच काम करतो. पन्हळ तो एका दिवसात बसवेल. खोली कोणी बांधली?"

"माझ्या नवऱ्याने."

"ऊन छान येतं हो इथे. सासूला हीच देईन."

विक्री झाली ती क्रेगच्याच हातून, आणि दलालीही त्यालाच मिळाली. त्याने 'विकलं' अशी पाटी लावली, नोएलीनला कवेत घेऊन फोटो काढला, आणि ती त्या मिठीत हात न उचलता उभी राहिली.

अल्व्हरस्टनचं घर तिला मिळालं. डल्सी रोज डोकावते आणि रोज एकदा तरी "मी म्हटलं नव्हतं?" म्हणते. ग्लेंडाचा फोन मात्र येत नाही. मध्यंतरी नोएलीनने आपणहून केला. "पोरगं धडपडतंय बिचारं, आणि तू त्याला चोर ठरवलंस," ग्लेंडा म्हणाली. जे झालं ते तिला सांगावं म्हणून नोएलीनने तोंड उघडलं, मग हवापाणी विचारलं आणि फोन ठेवला.