न वाचलेल्या चार ओळी

आमच्या गावात वर्तमानपत्र एकच येई. गाव साक्री तालुक्यातलं. धुळ्याहून निघणारं साप्ताहिक पोस्टाने दोन दिवस उशिरा पोचे. मराठी सातवी झालेला मी एकटा, म्हणून शाळेच्या ओट्यावर बसून ते वाचून दाखवायचं काम माझं. छापील भाषा लोकांना जड जाई. मी एक वाक्य वाचून लगेच ते अहिराणीत सांगायचो. पुढे पुढे नुसतंच अहिराणीत सांगू लागलो. कागद कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. मला ते आवडायचं, हे आज कबूल करतो.

एकोणीसशे तीस साली राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडायला गावातली माणसं गेली. पुढे होते एक आबा, चाळिशी उलटलेले शेतकरी. पोलिसांनी सगळ्यांना धरलं. बाकीचे तुरुंगात गेले. आबांना आठ दिवसांत सोडलं. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढच्या अंकात बातमी होती : साक्रीकडच्या एका पुढाऱ्याने माफी लिहून देऊन सुटका करून घेतली. नाव नव्हतं.

"कोन शे तो?" कोणीतरी विचारलं.

मी कागदावरची नजर न काढता, त्याच वाचण्याच्या सुरात आबांचं नाव घेतलं. मला तसं खरंच वाटलं होतं. पण मला वाटलेलं लोकांनी छापलेलं म्हणून ऐकलं.

तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांनी आबांशी बोलणं सोडलं. बाजारात पोरंटोरं विचारायची, "आबा, आज हातमा इळा शे का लेखणी?" त्यांनी पुन्हा जंगलात जायची हाक दिली तेव्हा एकही माणूस निघाला नाही. आमच्या गावातली चळवळ तिथेच संपली.

मग आबा माझ्याकडे आले.

"भाऊ, माले तं लिखताच येस नही. मी माफी कशी लिखसू? तू त्या छापखानावालाले कागद लिख."

मी लिहिलं. अक्षरन् अक्षर त्यांनी सांगितलं तसं, आणि टपालात टाकलंही. तेवढं तरी मी प्रामाणिकपणे केलं.

तीन आठवड्यांनी उत्तर छापून आलं. शेवटच्या पानावर, औषधाच्या जाहिरातीखाली चार ओळी : ती बातमी दुसऱ्या गावाची होती, आम्ही कोणाचंही नाव दिलं नव्हतं, या गावात ते कोणी जोडलं, हे आम्हांस ठाऊक नाही.

आबा समोरच बसले होते. मी त्या ओळी मनात वाचल्या, पान उलटलं आणि कापसाचा भाव सांगितला.

"आज बी नही का, भाऊ?"

"नही, आबा."

हा प्रश्न ते पुढे कितीतरी आठवडे विचारत राहिले. नंतर यायचे, पण विचारायचे नाहीत. नंतर आलेच नाहीत. तो अंक मी स्वतः वाण्याकडे पुड्या बांधायला दिला होता.

स्वातंत्र्य आलं तेव्हा शाळेपुढे झेंडा लागला आणि तुरुंगात गेलेल्यांना हार घातले. आबा चार वर्षांपूर्वीच गेले होते. त्यांचा मुलगा गर्दीच्या मागे उभा होता. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नाव मी घेतलं होतं, ओळी मी गाळल्या होत्या.

तो म्हणाला, "कागदमा उनं व्हतं, नाना. बठ्ठा गावनी ऐकं व्हतं."

"मीच सांगितलं होतं रे ते."

"मंग कुठे शे तो कागद?"

माझ्याकडे कागद नव्हता. त्याने माझा हात धरून मला घरापर्यंत पोचवलं. वाटेत एकदाच बोलला, आणि आवाजात राग नव्हता. मेलेल्या माणसाची लाज झाकायला मी खोटं बोललो, याबद्दल त्याने माझे उपकार मानले.