उत्तमराव आमच्याकडे राहत नव्हते

आमच्या ह्यांचं नाव उखर्डू. जन्मल्याबरोबर सासूबाईंनी त्यांना उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, म्हणून उखर्डू. तोंडाने हे नाव मी कधी घेतलं नाही. लिहायला तेवढी मोकळीक.

शहाऐंशी साली पारोळ्याजवळच्या आमच्या गावात ह्यांनी स्टीलच्या भांड्यांचं दुकान काढायचं ठरवलं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, जाताना आई एखादं भांडं देतेच. म्हणून दुकान अखाजीलाच उघडायचं होतं. पण विक्रीकराच्या नंबराशिवाय घाऊक व्यापारी माल देईना. जळगावच्या ऑफिसात करायचा अर्ज आमच्या थोरल्या गिरधरने भरला. चार बुकं शिकलेला, बापाच्या नावाची लाज वाटायची. त्याने ठोकून दिलं, उत्तमराव.

अखाजी तोंडावर आली आणि इन्स्पेक्टर साहेब जागा पाहायला आले. बापलेक शेतात, मी दारात ज्वारी पाखडत होते.

"उत्तमराव आहेत का?"

"उत्तमराव आठे कोनी ऱ्हात नही."

"मग दुकान कुणाचं?"

आता नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी समोरच्या उकिरड्याकडे बोट केलं. साहेबांनी पाहिलं. तिथे एक कोंबडी होती.

"बाई, मी मालकाचं नाव विचारतोय."

मी पुन्हा तिकडेच बोट केलं. साहेबांना वाटलं, नवराबायकोचं भांडण दिसतंय. शेवटी शेजारच्या ताईबाई हसत पुढे आल्या. "साहेब, उखर्डू नाव शे त्यासनं."

रेशनकार्ड निघालं, बापलेकांना शेतातून बोलावणं गेलं. साहेब भला माणूस. म्हणाले, "उत्तमराव ऊर्फ उखर्डू असं प्रतिज्ञापत्र द्या, अखाजीआधी नंबर मिळेल. अर्ज नव्याने केलात तर अखाजी हुकेल."

गिरधर म्हणाला, "बाबा, लोक नवी भांडी घ्यायला येतील, अन् पाटीवर उकिरडा?"

ह्यांनी टोपी काढून वारा घेतला. मग म्हणाले, "चांगलं नाव लिसन मना दोन भाऊ गयात. ह्या नावनी माले जगाडं. अर्ज नवा कर."

अखाजी गेली. लेकी झोके खेळल्या आणि पारोळ्याच्या दुकानातली भांडी घेऊन सासरी गेल्या. मी बरेच दिवस ह्यांच्याशी धड बोलले नाही. नंबर आला ऐन उन्हाच्या तडाख्यात. 'उखर्डू भांडी भांडार' उघडलं तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

दुपारी शेजारच्या गावची भिकुबाई आली, कडेवर तान्हं पोर. आधीची तिची जगली नव्हती. तिने पाटी वाचून घेतली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मना पोऱ्याले पहिली वाटी आठेनच लेसू."

पुढे तो रिवाजच पडला. ज्यांची मुलं जगत नसत त्या बाया लांबलांबून यायच्या, वाटी ह्यांच्याच हातून घ्यायच्या. त्यांच्याशी हे भावाची घासाघीस करत नसत. बाकीच्यांना मात्र आठ आणेसुद्धा सोडले नाहीत कधी.