जनाबाईंची दुसरी सही

अंबरनाथ पश्चिमेला जनाबाईंची वन रूम किचनची जागा होती. काडेपेटीच्या कारखान्यात उभी हयात घालवून घेतलेली. नवरा लवकर गेला होता, पण दारावरच्या पाटीवर त्यांनी त्याचं नव्हे, स्वतःचं नाव लावलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि पाटी तशीच ठेवली.

मुलगा सम्यक इंजिनीअर होऊन इंग्लंडला गेला. २००६ साली त्याने तिकडेच घर घ्यायचं ठरवलं. पण व्हिसावर आलेल्या माणसाला तिथली बँक सगळं कर्ज देईना. किमतीचा चौथा हिस्सा आधी स्वतःचा आणा म्हणाली. सम्यकने आईला फोनवर सुचवलं, की तुझे फंडाचे पैसे आहेत, शिवाय जागाही विकून टाक आणि कायमची आमच्याकडे ये. तुझ्यासाठी वेगळी खोली बघितलीय. जनाबाई हरखल्या. गिऱ्हाईक मिळायच्या आधीच त्यांनी अर्धी भांडी शेजारणींना वाटून टाकली.

मग त्या बँकेचा एक कागद आईच्या सहीसाठी आला. शेजारच्या स्वप्नालीने तो मराठीत समजावून दिला: ही रक्कम मी मुलाला बक्षीस देत आहे, ती परत मागणार नाही, आणि त्या घरावर माझा कसलाही हक्क राहणार नाही.

"म्हणजे हक्कसोडच की," जनाबाई म्हणाल्या.

हा प्रकार त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. वडील वारल्यावर भावांनी त्यांना तालुक्याला नेलं, बहिणींची सही लागतेच म्हणाले, साडी-चोळी केली. जनाबाईंनी न वाचता सही ठोकली. पुढे नवरा गेल्यावर लहानग्या सम्यकला घेऊन त्या माहेरी गेल्या, तेव्हा भावजयीने दारातच विचारलं होतं, किती दिवस राहणार? तो प्रश्न त्यांना अजून बोचत होता.

सम्यकने परोपरीने समजावलं. इथे सगळ्यांचेच आईबाप असं लिहून देतात, उद्या घरात कुणी वाटा मागू नये एवढंच बँकेला हवं असतं. पोरगा खोटं बोलत नव्हता, हे बाईंना ठाऊक होतं. सूनही गुणाची. तरी त्यांचं मन काही केल्या घेईना. आलेलं गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं आणि मुलाला फोन लावला.

"सही करते," त्या म्हणाल्या. "पण फंडाच्या पैशांपुरती. जागा विकणार नाही."

सम्यकने तिथल्या तिथे हिशेब केला. मग म्हणाला, "आई, तेवढ्यात लहान घर येईल. तुझी खोली नाही बसणार त्यात."

जनाबाईंना फार वाईट वाटलं. ती खोली त्यांनी मनातल्या मनात कितीदा तरी लावून ठेवली होती, खिडकीपाशी कॉट आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो.

"हॉलमध्ये झोपेन," त्या म्हणाल्या. "किती दिवस राहणार असं कुणी विचारलंच, तर मला उत्तर देता येईल. माझं घर आहे इथं."