बिनपेशींच्या कुपीतला उजेड

मेधावहिनीला मी शेवटची भेटले ती मुलुंडच्या हॉस्पिटलात, आणि तेव्हा तिने माझ्या भावालाच पेशंट करून ठेवलं होतं. तिचं हृदय थकलंय, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते. नर्सने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा कमी आला. वहिनीने तो शांतपणे पाहिला, चिमटा काढला आणि शेजारी बसलेल्या दादाच्या बोटाला लावला. धडधाकट माणसाला लावून बघितल्याशिवाय यंत्र खरं बोलतंय हे कळणार कसं, असं तिचं म्हणणं. दादाचा आकडा तिच्याहूनही खाली! नर्सने घाबरून त्याला खुर्चीत मागे टेकवलं, कुणीतरी बीपीचं यंत्र आणलं... शेवटी निघालं एवढंच, की एसीत बसून त्याची बोटं गार पडली होती. वहिनी दम लागेपर्यंत हसली. त्याच आठवड्यात ती गेली.

लग्न होऊन ती आमच्या नाहूरच्या घरी आली तेव्हापासून सोसायटीत तिचा दरारा होता, कारण ती प्रयोगशाळेत जिवंत पेशींना विजेचे धक्के द्यायची. आमचे आप्पा गिरणी सुटल्यापासून गेटजवळच्या बाकावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत, "सून माझी शॉक देता." त्या जाहिरातीचा परिणाम म्हणजे तळमजल्यावरचे तावडेकाका एका रविवारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दारात उभे राहिले. वहिनीने त्यांना बसवलं, चहा दिला आणि समजावलं, की आपला धक्का गुडघ्यासाठी नाही. तो इतका छोटा असतो, की एका सेकंदाचे अब्ज तुकडे केले तर त्यातल्या मोजक्या तुकड्यांत संपतो. पण जोर एवढा, की पेशीच्या पातळ आवरणाला बारीक भोकं पडतात. आणि आपण ज्या ऑक्सिजनवर जगतो, त्याचीच काही बिथरलेली रूपं आत तयार होऊन दिसेल त्याला चावत सुटतात. पेशी त्यांना आवरायला बघते. आवरेनासं झालं की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. तो नीट कळला, तर उद्या कदाचित गाठीतल्या नको त्या पेशी चिरफाड न करता मारता येतील. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग निदान डाव्या गुडघ्याला तरी...

तिच्या कामातला मोठा दिवस मात्र बघण्यासारखा होता. ही बिथरलेली रूपं भेटली की हिरवा चमकणारा एक रंग ती पेशींत घालायची. धक्के दिले की पेशी चमकायच्या. झकास निकाल होता, परिषदेत मांडायचा होता, घरी बोंबील तळून झाले होते. अशात तिला वाटलं, पेशी न घालता, तोच रंग टाकलेल्या नुसत्या द्रवाच्या कुपीलाही धक्के देऊन बघावं. तीही चमकली. म्हणजे तो उजेड पेशींचाच, असं म्हणता येईना. संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या आणि पंख्याखाली बसून म्हणाली, "वाट लागली." कित्येक वर्षांचं काम होतं. ती कुपी दाखवायलाच हवी का, असं तिच्या साहेबांनीही सुचवून पाहिलं. त्या रात्री ती जेवली नाही, हे मला दादाने नंतर सांगितलं.

परिषद शहरातच होती, म्हणून दादा आणि मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. वहिनीने सगळ्यात आधी त्या बिनपेशींच्या कुपीचाच फोटो लावला. अख्ख्या पडद्यावर हिरवागार उजेड. दादाला वाटलं, हाच तो निकाल! त्याने कडकडून टाळ्या वाजवल्या, एकट्याने. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. वहिनी माइकवर म्हणाली, "ते माझे यजमान आहेत. हा फोटो माझ्याविरुद्ध आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही." सभागृह हसलं, आणि मग ते हसू विरलं... कारण ती स्वतःचाच निकाल एकेक करून खोडत होती.

पुढे बरेच महिने ती पुन्हा कुप्या लावत राहिली. शेवटी फरक सापडला. नुसत्या द्रवातला उजेड धक्के थांबले की वाढायचा थांबे. पेशींतला मात्र नंतरही हळूहळू वाढत राही. म्हणजे थोडं विजेने द्रवात केलेलं, पण उरलेलं खरोखर पेशींचं. ती घरी येऊन म्हणाली, "पेशी खोटं बोलत नव्हत्या गं. मीच त्यांच्या नावावर जरा जास्त लिहिलं होतं." दादाने जपून विचारलं, आता टाळ्या वाजवू का. "आता वाजव," ती म्हणाली.

परवा मी बोरीवलीहून नाहूरला गेले. दादा बाल्कनीत उकिडवा बसला होता, पुढे कढीपत्त्याच्या दोन कुंड्या. एकीला आंबट ताक घालतो, दुसरीला नुसतं पाणी, म्हणाला. ताकातलं रोप चांगलं तरारलं होतं. मी म्हटलं, मग काय, लागू पडलं की.

"नाही ना," तो म्हणाला. "या कोपऱ्यात ऊन जास्त येतं. ते आधी माझ्या लक्षातच आलं नाही." मग त्याने दोन्ही कुंड्या उचलल्या, त्यांच्या जागा बदलल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.