मलकापूरच्या उन्हात उभी गाडी

वडूज सोडलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, तरी स्टिअरिंग हाताला कोमट लागत होतं. शेजारच्या सीटवर सुभेदार बसले होते. मी त्यांच्याच गाडीवर ड्रायव्हर आहे. ते सैन्यातून निवृत्त झालेत, मुलगा सध्या सीमेवर आहे. यवतमाळ सोडून मी कामासाठी किती गावं फिरलो ते तुम्हा घरच्यांना माहीत आहेच. आठवीतून शाळा सोडलेल्याला कोणी उभं करत नव्हतं. सुभेदारांनी लायसन पाहिलं, गावाला एक चक्कर मारून आणायला लावली आणि किल्ली माझ्याकडेच ठेव म्हणाले. अशा माणसाच्या कामात आपल्याकडून चूक होऊ नये, याची मला रोज धास्ती असते. त्या दिवशी ती झाली होती.

सुभेदारांची सून, अश्विनीवहिनी, कराडजवळच्या मलकापूरच्या दवाखान्यात होत्या. बाळ आठव्या महिन्यातच झालं. अठरा दिवस ते काचेच्या पेटीत होतं. आज सुट्टी मिळणार होती, आणि मायलेकरांना वहिनींच्या माहेरी, सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला पोचवायचं होतं.

पुसेसावळीपर्यंत माळरान, बाभळी, मेंढरं. पुढं कराड जवळ येऊ लागलं तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. आमच्याकडं एवढं हिरवं रान पावसाळ्यातच दिसतं. मी बघत राहिलो, पण मन एसीच्या बटणावर होतं. आठवड्यापूर्वी सुभेदार म्हणाले होते, "एसीचा गॅस भरून आण रं." मी उद्यावर ढकललं आणि विसरलो. सकाळी काचा उघड्या ठेवून वेळ मारून नेली.

दवाखान्यात सिस्टरनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाडीत एसी आहे ना?"

"बंद आहे," मी म्हणालो.

सुभेदार वळले. "गॅस भरलावतास न्हवं?"

"हो. गळला असंल."

तोंडातून निघून गेलं. खोटं बोलल्यावर कान तापतात तसे माझे तापले.

सुभेदारांनी चार ठिकाणी फोन लावले. लगीनसराई होती, एकही गाडी मोकळी नव्हती. संध्याकाळपर्यंत थांबावं म्हटलं तर तीनला ती खाट दुसऱ्या बाळंतिणीला द्यायची होती. सिस्टर मला म्हणाल्या, "तीन वाजता मी स्वतः येऊन गाडीत बसणार. भट्टी असली तर बाळ हातात देणार नाही."

तेव्हा बारा वाजत होते. दवाखान्यासमोरच्या एकुलत्या एका कडुलिंबाखाली मोटारसायकली दाटीनं लागल्या होत्या आणि आमची गाडी उघड्यावर. दार उघडलं तर आतून वाफ तोंडावर आली. सीटच्या रेक्झिनला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. सुभेदार आत वहिनींपाशी थांबले होते. मी ठरवलं, तीनपर्यंत ही गाडी गार करायचीच.

एवढ्यात उसाच्या वाड्यानं (तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे) भरलेला ट्रॅक्टर आला. हात करून थांबवला, अडचण सांगितली. ड्रायव्हरनं दोन भारे टाकून दिले. मी टपावर, बॉनेटवर हिरवागार थर पसरला आणि स्वतःवरच खूश होऊन पाण्याची बाटली भरायला गेलो.

परत येतो तर दोन म्हशी. एक टपावरचं वाडं ओढत होती, दुसरी बॉनेट चाटत होती. मी "हाड, हाड" करत धावलो. मागून त्यांची मालकीण आली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली.

"आवं, ही गाडी हाय का गव्हाण? वाडं म्हंजी वैरण! म्हशी खानार न्हाईत तर काय करतील?"

समोरच्या गादीकारखान्यातून त्याचे मालक, रफीकचाचा, बाहेर आले. दाढीला कापूस चिकटलेला. "काय गड्या, म्हशींना जेवायला बोलावलंस व्हय? मला न्हाई बोलावलंस!"

मी रडकुंडीला आलो होतो. सगळं सांगितलं, फक्त गॅसचं नाही.

"कुठला तू?" चाचांनी विचारलं.

"यवतमाळचा."

"मग तुला वाडं कसं कळंल! तुला कापसाचं इचारावं." म्हशींच्या मालकिणीनं आपल्या म्हशी हाकल्या आणि उरलेलं वाडंही उचलून नेलं. चाचा बोटानं दाखवू लागले. "गाडी हिकडं माज्या दुकानाम्होरं लाव."

"इथंही ऊनच आहे की."

"आत्ता हाय. दीडला दुकानाची सावली सरकत येती, तीनपतूर पार रस्त्यापतूर जाती. तीस वर्सं बगतुय. आनि पत्र्याला चिटकून काय घालू नगंस. वर हातभर जागा सोड, वारा खेळला पायजे."

दुकानाच्या छपराला आणि दोन बांबूंना बांधून आम्ही गाडीवर गादीचं पांढरं कापड ताणलं. चारी दारं उघडली. सीटवर चाचांनी धुतलेल्या सुती चादरी अंथरल्या. मग मला आमच्याकडचे कूलर आठवले. खिडक्यांना ओलं बारदान (गोणपाट) बांधलं आणि वाळायला लागलं की पुन्हा पाणी मारत राहिलो.

"हे बेस हाय," चाचा म्हणाले. "आमाला न्हाई सुचलं कवा."

चाचींनी भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि तांब्याभर ताक पाठवलं. खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आलं, पण उभ्यानंच सगळं संपवलं. सावली खरंच दीडला चाकाला लागली. अडीचला टपावर चढली. परक्या गावात आपल्यासाठी कोणी उन्हात बांबू धरून उभं राहतं, ही गोष्ट मला अजून नीट पचलेली नाही.

तीनला सिस्टर आल्या. सीटवर हात फिरवला, पत्र्याला लावला, मग आत बसून दार ओढून घेतलं. चांगल्या पाच मिनिटांनी उतरल्या.

"चालेल. वाटेत बाळाच्या मानेला हात लावून बघा. घाम दिसला तर लगेच सावलीत थांबायचं."

वहिनी बाळाला छातीशी धरून मागं बसल्या. मी ओलं बारदान खिडक्यांना तसंच ठेवलं, बाळावर थेंब उडणार नाही एवढं पिळून. सुर्लीच्या घाटाआधी एका चिंचेखाली गाडी थांबवली. आरशात बघायचा धीर होत नव्हता.

"वहिनी, मान?"

मग त्या म्हणाल्या, "कोरडी हाय. झोपलंय गुलाम."

कडेगावात दारात बाळाच्या आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरं गाडीभोवती जमली. "ह्या गाडीला लुगडं कुनी नेसवलंय?" एकानं विचारलं, आणि घरभर हशा पिकला. मला हसू आलं नाही.

ऊन उतरल्यावर मी आणि सुभेदार वडूजला परत निघालो. गाव मागं पडल्यावर मी गाडी कडेला घेतली.

"आबा," मी सुभेदारांना म्हणालो, "गॅस मी भरलाच नव्हता. विसरलो. सकाळी खोटं बोललो."

मी मनात कपड्यांची पिशवी भरायला घेतली होती.

"चूक केलीस त्येची शिक्षा आज दुपारभर भोगलीस," ते म्हणाले. "खोटं बोललास ते मातुर मला लय लागलं. फौजेत मी अशा मानसाला परत गाडी दिली नसती."

"व्हय."

"सोमवारी बाळाला तपासाय आनायचं हाय. आदी रिपोर्ट द्यायचा मला, गॅस भरल्याचा. पावतीसकट. चल आता."

मी गाडी सुरू केली. तुम्ही विचारता, इतक्या लांब काय ठेवलंय. कोणी तोंडावर बोलून पुन्हा कामाला लावतं, ते ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवाल्याचं शटर वर गेलं, तेव्हा त्याच्या पायरीवर मी तासभर आधीपासून बसलेलो होतो.