बेलार्मिनोच्या घरी अंघोळ करायची रीत

आमच्या गल्लीत बेलार्मिनोइतका सावध माणूस शोधून सापडणार नाही. त्याच्या घरी अंघोळ करायची तर आधी नियम ऐकून घ्यावे लागत. पायात रबरी चपला हव्यात. पाणी सुरू असताना नळाला हात लावायचा नाही, लावायचाच तर काळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या बाजूने. शॉवरचा खटका ‘उन्हाळ्या’वरून ‘हिवाळ्या’वर न्यायचा तो अंग कोरडं असतानाच. एवढं पाळलं की माणूस जिवंत बाहेर येई. इलेक्ट्रिशियनला बोलावणं तेवढं त्याच्या नियमांत बसत नव्हतं.

आमच्या लाजेस गावच्या थंडीत गरम पाणी ही काही चैन नव्हे. आमच्याकडे ऐन हिवाळा जुलैत, तेव्हा सकाळी अंगणातलं गवत हिमाने पांढरं पडलेलं असतं, आणि पाणी तापवतो तो डोक्यावरचा शॉवरच. वीजही तिथेच, पाणीही तिथेच. नव्या शॉवरमधून तीन तारा लोंबतात आणि आमच्या जुन्या घरांच्या भिंतींतून येतात दोनच. उरलेली हिरवी, अर्थिंगची तार बेलार्मिनो सरळ कापून टाकतो.

“कंपनीवाले जास्तीची देतात हो, इरासीबाई. शर्टाला एक बटण जादा असतं ना, तसं,” असं त्याने मला माझ्याच न्हाणीघरात, माझ्याच स्टुलावर उभं राहून सांगितलं होतं. सगळा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला, पण हातात पक्कड आली की स्वारी मोठ्या डॉक्टरच्या थाटात बोलते. मी नंतर गुपचूप माहीतगार माणूस बोलावून ते काम पुन्हा करून घेतलं. त्याला अजून पत्ता नाही. शेजारधर्म म्हणतात तो हा.

गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे शॉवर सुरू केला की ब्रेकर पडायला लागला. अंगाला साबण, डोळ्यांत फेस आणि वरून बर्फासारखं पाणी. त्याची बायको झुल्मिरा आतून किंचाळायची, ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. बेलार्मिनोने निदान केलं, ब्रेकर भित्रा आहे. मग त्याने दुप्पट ताकदीचा बसवला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! नवा ब्रेकर काही पडेना, पण भिंतीतली तार तापायला लागली.

“जळका वास येतोय हो,” झुल्मिरा म्हणायची.

“नवीन आहे, जाईल.”

“नळाला हात लावला की मुंग्या येतात.”

“चपला घातल्या होत्यास?”

“घातल्या होत्या.”

“मग दुसऱ्या हाताने लाव.”

माणूस बोलवा असं मी एकदा सुचवून पाहिलं, तर गडी हिरमुसला. “माझ्या घरात इलेक्ट्रिशियन? गल्लीत तोंड कसं दाखवू?”

त्यांची लेक जुसारा फ्लोरियानोपोलिसला असते. ती बाळंत झाली, मुलगी झाली. महिनाभर माहेरी यायचं ठरलं आणि बेलार्मिनो पाळणा रंगवायला बसला. मग तिचा फोन आला. मी तिथेच होते.

“बाबा, शॉवर तोच आहे अजून?”

“एकदम फर्स्ट क्लास!”

“मग आम्ही नाही येत. त्या पाण्याखाली मी माझं लेकरू धरणार नाही. इलेक्ट्रिशियन येऊन गेला असं आईने सांगितलं, की तिकीट काढते.”

त्या संध्याकाळी बेलार्मिनो पुन्हा ब्रश घेऊन बसला. सुकलेल्या पाळण्याला त्याने आणखी एक हात रंग दिला. दुसऱ्या दिवशी जेनिवाल नावाचा इलेक्ट्रिशियन दारात हजर! गल्लीत मात्र सांगितलं, पुतण्या आलाय.

जेनिवालने शॉवर उघडला, ब्रेकर पाहिला, भिंतीला हात लावून बघितला.

“काका, हे कुणी केलंय?”

“आधीच्या मालकाने,” बेलार्मिनो म्हणाला. ते घर त्याने स्वतः बांधलंय.

जेनिवालने जाड तार ओढली, मापाचा ब्रेकर बसवला, वीज गळली की तत्क्षणी बंद पडणारा दुसरा एक बसवला, आणि अंगणात सळई ठोकून हिरव्या तारेला जमिनीपर्यंत पोचवलं. नळावरची चिकटपट्टी सोलता सोलता त्याने विचारलं, “काका, भिंतीच्या आत तार वितळून चिकटली होती. घर पेटलं नाही हेच नशीब. इतके दिवस या नळाचा झटका कुणाला बसायचा?”

“छे, छे!” बेलार्मिनो मोकळेपणाने हसला. “कुणालाच नाही. फक्त झुल्मिराला.”

झुल्मिरा कडू हिरव्या चहाने भरलेला सुक्या भोपळ्याचा तुंबा घेऊन दारातच उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती शांतपणे म्हणाली, “पोरीचा एक फोन आला आणि काम झालं. माझंच चुकलं. मी घरातच राहिले, फोन करायला हवा होता.”

तुंबा एकच, चहा ओढायची नळी एकच, आणि आमच्याकडे तो ओळीने सगळ्यांच्या हातांतून फिरतो. तिने तो भरून जेनिवालला दिला. परत आल्यावर पुन्हा भरून मला दिला. मग स्वतःसाठी भरला आणि सावकाश ओढत बसली. बेलार्मिनोने हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.