लाकडाचा ओंडका

आमच्या घरी टीव्हीवरच्या जुन्या मालिका बघतात त्या मुख्यतः भांडायला. परवा न कळवता मी माहेरी गेले, तर बाहेर जिन्यातच बाबांचा आवाज ऐकू आला.

"हा नट आहे की लाकडाचा ओंडका? पोरगा इतक्या वर्षांनी घरी आलाय, आणि हा हात लोंबते सोडून म्हणतोय, आलास, बरं झालं!"

"अहो, बापमाणसं अशीच असतात," आई म्हणाली.

"असतील. पण नटानं असं असून चालत नाही."

बेल न वाजवता मी तशीच हसत उभी राहिले. त्या मालिकेत दार आपटलं की भिंत हलायची, मेलेल्या माणसाचं पोट खालीवर व्हायचं, आणि तरीही आम्ही सगळे हमखास रडायचो. चांगल्या नटांचं कौतुक करून आपण त्यांना विसरतो. ओंडक्यांना मात्र वर्षानुवर्षं नावं ठेवतो, अगदी घरच्या माणसांना ठेवावीत तशी.

शेवटी बेल वाजवली. बाबांनी दार उघडलं आणि वर्षभरानं मला समोर बघून ते जागच्या जागी थिजले. दोन्ही हात लोंबतच राहिले.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले.

त्यांच्या मागे येऊन उभी राहिलेली आई खो खो हसत सुटली. "बघा! तो अगदी अस्साच उभा होता!"

हातांना काहीतरी काम हवं म्हणून बाबांनी माझी बॅग उचलली आणि पाठ फिरवून म्हणाले, "त्याला निदान संवाद तरी लिहून दिलेला होता!"